साडेतीन बोटं

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. सव्वीस वर्षांचा असताना मिक्सरच्या पट्ट्यात गेलं. तेव्हापासून रंगाच्या धंद्यात जिथे जिथे नोकरी केली, तिथे तिथे पाठीमागे मला ‘साडेनऊ’ म्हणायचे. महाप्याच्या आमच्या लॅबमध्येही म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही, कारण बोट गेलं ते काम करताना गेलं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता दुसरी गोष्ट. मी रंजिता भोईरवर जळत होतो. ‘मतभेद’, ‘पिढीचं अंतर’, ‘पद्धतीतला फरक’ असले शब्द मी वर्षभर वापरले, घरी बायकोपुढे आणि ऑफिसात साहेबापुढे. त्यातला एकही खरा नव्हता. सरळ जळत होतो, आणि तेही एकोणतीस वर्षांच्या पोरीवर. माझं वय बावन्न.

आमची कंपनी पत्र्यांवर आणि लोखंडावर चढवायचे संरक्षक लेप बनवते. त्यात मी, सुधीर मोहोळकर, नऊ वर्षं एकाच लेपाच्या मागे लागलो होतो. स्वतःला स्वतः धुणारा लेप. सांगायला सोपं आहे. टायटेनियम डायऑक्साइडचे अतिबारीक कण लेपात घालायचे. ऊन पडलं की ते कण जागे होतात आणि वर बसलेली काजळी, तेल, शेवाळं तोडून टाकतात. मग दंव पडलं तरी पाण्याचा थेंब न बनता पातळ पापुद्रा होतो आणि उरलेला मळ वाहून जातो. शिडी नको, साबण नको, माणूस नको. कागदावर सगळं छान.

घोडं अडतं ते पुढे. या कणांना मळ कुठला आणि लेपातली राळ कुठली, हे कळत नाही. ते दोन्ही खातात. वर्षभरात लेपाची पांढरी पूड व्हायला लागते, बोट फिरवलं की पिठाच्या डब्यात घातल्यासारखं बोट पांढरं होतं. मी तेरा वेळा लेप बदलला आणि तेरा वेळा पीठ पाहिलं. चौदाव्या वेळी मी कण कमी केले आणि जे होते ते अर्धं काच, अर्धं प्लास्टिक अशा मिश्र राळेत खोल बुडवून टाकले. पूड थांबली. त्या लेपाचं नाव एस-चौदा. एस म्हणजे सिलेन, त्यातलं एक रसायन, असं मी सगळ्यांना सांगतो.

एस-चौदा पूड सोडत नव्हता, पण त्याचं धुणंही जरा आळशीच होतं. पावसाळ्यात स्वच्छ दिसायचा. पावसाळ्यात काय, काहीही स्वच्छ दिसतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. बघायचं टाळत होतो.

त्या वेळी ही आली. घणसोली गावातली, मूळची इथलीच. पहिल्याच आठवड्यात गच्चीवर माझ्या जुन्या पट्ट्यांवर बोट फिरवलं, पीठ पाहिलं आणि म्हणाली, “सर, हे कन राळेला खातात ना? मग मदी पान का नाय ठेवत?”

“कसलं पान?”

“पानगीचं. आमची आय करते ना, केळीच्या पानात पीठ थापून तव्यावर. पान जळतं, पानगी नाय जळत.”

चार जण होते. मी हसलो आणि म्हणालो, “रंजिता, ही लॅब आहे, स्वयंपाकघर नाही.” बाकीचेही हसले. तीसुद्धा हसली. तिने ते मनावर घेतलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सहा महिन्यांत तिने ते पान करून दाखवलं. खाली रंग, मध्ये निव्वळ काचेचा इतका पातळ थर की डोळ्यांना दिसत नाही, आणि वर कण भरपूर, अगदी हात सैल सोडून. कण खाली खायला जातात तर मध्ये काच. काच त्यांना खाता येत नाही. मग ते मुकाट्याने मळ खातात. इतकं साधं. मी नऊ वर्षं त्या दाराशी उभा होतो आणि कडी आतून लागली आहे असं समजत होतो. तिने नुसतं ढकललं.

तिसऱ्याच प्रयत्नात झालं, म्हणून नाव आर-तीन. माझे चौदा, तिचे तीन.

तेव्हापासून तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. आशुतोष, म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा आणि आता आमचा डायरेक्टर, मीटिंगमध्ये माझं बोलणं संपलं की म्हणायचा, “रंजिता काय म्हणते?” ती गाणं गुणगुणत काम करायची आणि तरी तिची मापं चुकायची नाहीत. एकदा गच्चीवर उभी राहून सहज म्हणाली, “सर, आपन उभं हाय ना, इथं खाली आमच्या आज्याचं खाचर व्हतं.” मी मोहोळहून बी.एस्सी. करून आलो, नेरूळच्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं राहतो, तरी अजून मला कुणी विचारलं की तुमचं गाव कुठलं, तर मी सोलापूरकडचं सांगतो. आणि हिच्या पायाखालची जमीनही हिच्याच आजोबांची. त्याचाही मला राग आला. आजोबांनी भात लावला यात तिचा काय दोष, असा विचार मी केला नाही.

आणि तिचं अक्षर. गच्चीवरच्या पट्ट्यांची एक नोंदवही आहे. तिचा नियम मीच केला होता, नऊ वर्षांपूर्वी. पट्टीला कुणीही हात लावला, नुसती सरळ केली तरी, तारीख, वेळ, काय केलं, कारण आणि सही लिहायची, आणि दुसऱ्या कुणीतरी ‘तपासलं’ म्हणून सही करायची. माझ्या अक्षरात ती वही म्हणजे मुंग्यांची रांग. हिचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं. ती आल्यापासून लोक वही वाचायला लागले.

एवढं असून रोज दुपारी आम्ही एकाच टेबलावर जेवायचो. माझी बायको मीना डब्यात न चुकता आंब्याचं लोणचं देते. मला पित्ताचा त्रास आहे, मी लोणच्याला हात लावत नाही, पण हे बावीस वर्षं मीनाला पटलेलं नाही. ते लोणचं मी रंजिताला द्यायचो. ती बोट चाटून खायची आणि म्हणायची, “वहिनींना सांगा, आमच्या आयेपेक्षा भारी.” लोणचं देताना तरी मी तिच्यापेक्षा वरचढ असायचो.

मार्च महिन्यातला तो शुक्रवार. दुपारी आशुतोषने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“बुधवारी उरणची गोदामवाली पार्टी येतेय,” तो म्हणाला. “त्यांचे पांढरे पत्रे कंटेनरच्या ट्रॅफिकने वर्षात काळे होतात. ते गच्चीवर येऊन दोन्ही पॅनल बघतील आणि एक सिलेक्ट करतील. सुधीरसर, मी क्लिअर सांगतो, दोन्ही प्रोजेक्ट चालू ठेवता येणार नाहीत. जो लेप ते घेतील, त्याचं पेटंट फाइल करू, ज्याने तो बनवला त्याचं नाव पहिलं. दुसरा बंद.”

बंद. नऊ वर्षांना त्याने एक शब्द वापरला, आणि तोही मोबाइलकडे बघत.

“आणि आज संध्याकाळपासून गच्चीला लॉक. सर, तुम्हीच लावा आणि चावी पाकिटात घालून माझ्या ड्रॉवरमध्ये टाका. कुणी हात लावला असं नंतर नको.”

मध्ये शनिवार, रविवार होळी, सोमवारी धुळवड, मंगळवारी त्याची दिल्ली. गच्चीवर कुणी जाणार नव्हतं. साडेचार दिवस.

त्या दिवशी मी जेवलो नाही. “पोटात ठीक नाही,” असं रंजिताला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. डबा तसाच पिशवीत राहिला. साडेपाचला सगळे बसकडे निघाले तेव्हा मी पिशवी खांद्याला लावून कुलूप घेऊन वर गेलो.

गच्चीवर ऊन उतरलं होतं. एका बाजूला पारसिकचा डोंगर, खाणींनी खरवडलेला, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याचा कायमचा धूर. दक्षिणेकडे तोंड करून आमचा मांडव उभा होता. त्यावर वहीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या चिमट्यात लावलेल्या, तिरप्या. डावीकडे लेप न दिलेल्या, काळवंडलेल्या. मग माझी एस-चौदा, राखाडी, पण नीटनेटकी. मग तिची आर-तीन. ती पांढरी होती. पांढरी म्हणजे आजच दुकानातून आणल्यासारखी, आठ महिने उन्हाधुळीत उभी राहून.

मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मला वाटत होतं ती हसते आहे.

माझा तिच्या निकालांवर विश्वास नव्हता. हे नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथेच आहे, आणि ती रसायन शिकलेल्या माणसानेच करावी अशी चूक आहे. मला वाटायचं, काचेच्या थरावर एवढे कण टिकणारच नाहीत. ही पोरगी रोज सकाळी वर येते, नक्की हळूच पुसत असेल. आठ महिने मी मनाची हीच समजूत घातली होती. तेव्हा आता हिला साडेचार दिवस पुसता येणार नाही, आणि पृष्ठभागावर थोडं तेल असलं तर रस्त्याची काजळी त्यावर अशी बसेल की बुधवारी सगळ्यांना कळेल. मी काही खोटं करत नाही, मी खरं बाहेर काढतो आहे. असं स्वतःला सांगितलं आणि डबा उघडला.

लोणच्याचं तेल घेतलं ते विचार करूनच. लहानपणी शर्टवर वरणाचा डाग पडला की आई धुऊन उन्हात टाकायची आणि संध्याकाळपर्यंत पिवळं नाहीसं व्हायचं. हळद उन्हात उडते. तेल उडत नाही. पिवळा रंग सोमवारपर्यंत जाईल, तेल राहील, तेलावर धूळ बसेल आणि कुणाला सांगता येणार नाही की हे काय आहे.

वाटीत बोटं बुडवली आणि आर-तीनवर फिरवली. वरपासून खालपर्यंत, चिमट्याच्या कडेपर्यंत, जसा भाकरीवर तुपाचा हात फिरवतात तसा. माझं अर्धं बोटही फिरवलं. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. खूप दिवसांनी पोटातली आग जरा शांत झाल्यासारखी वाटली.

मग रुमालाने हात पुसला. वाटी बंद केली. निघताना सहज मागे पाहिलं तर माझी एस-चौदा चिमट्यात किंचित वाकडी होती. वाऱ्याने झाली असेल. मला वाकडी पट्टी बघवत नाही, कधीच नाही. परत गेलो, पंजा टेकवून सरळ केली, बोटांनी दाबून बसवली. कुलूप लावलं. चावी पाकिटात, पाकीट ड्रॉवरमध्ये. वहीत काही लिहिलं नाही.

घरी होळीचे तीन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. सोसायटीत रविवारी होळी पेटली, सोमवारी पोरं पाइप घेऊन नाचली, मी बाल्कनीत बसून कोरडा राहिलो. उकडत होतं. ऊन नुसतं ओतत होतं. मी मनात म्हणत होतो, पड अजून.

“रंजिताचा फोन होता,” मीना पुरणपोळी वाढताना म्हणाली. “होळीच्या शुभेच्छा दिल्या. किती गोड बोलते रे ती! तिला एकदा जेवायला बोलव ना.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? तुझ्याबद्दल किती आदराने बोलते. म्हणे, सरांच्या वह्या वाचूनच सगळं शिकले.”

“तिला पुरणपोळी पाठव आणि लोणचंही पाठव. माझ्यापेक्षा तुला तीच जवळची.”

मीनाने पोळीवर तूप घातलं आणि माझ्याकडे बघितलं. “आणि रंजिता रोज लोणच्याची वाटी रिकामी करते, शुक्रवारी ती अर्धीच संपलेली होती. तू कधीपासून खायला लागलास?”

“लागली भूक, खाल्लं,” मी म्हणालो.

“चला, बावीस वर्षांनी सुचलं,” ती म्हणाली आणि खूश होऊन आत गेली.

बुधवारी अकरा वाजता आम्ही पाच जण गच्चीवर गेलो. आशुतोष, रंजिता, मी आणि गोदामाचे दोघे. एक त्यांचा मॅनेजर, एक इंजिनीअर, दाढी राखलेला, कमी बोलणारा. पाकीट आशुतोषने सगळ्यांसमोर फाडलं आणि कुलूप काढलं.

मी आधी आर-तीनकडेच बघितलं.

पांढरी. कोरडी, स्वच्छ. तेल नाही, धूळ नाही, काही नाही. साडेचार दिवसांच्या उन्हाने आणि पहाटेच्या दंवाने ते सगळं खाऊन, धुऊन टाकलं होतं. म्हणजे ती पुसत नव्हती. कधीच पुसत नव्हती. तिच्या आकड्यांवर माझा विश्वास असता तर मी तेल लावायलाच गेलो नसतो.

मग इंजिनीअरने विचारलं, “आणि हे काय आहे?”

तो एस-चौदासमोर उभा होता. राखाडी पट्टीच्या मधोमध चार बोटं उमटली होती. पिवळी नाही, हळद कधीच उडाली होती. काळी. रुमालाने पुसूनही बोटांवर उरलेलं तेल माझ्या पट्टीवर बसलं, माझ्या पट्टीने ते जसंच्या तसं सांभाळलं, आणि त्यावर रस्त्याची काजळी चार दिवस निवांत बसत गेली. तर्जनी लांब. अनामिका लांब. करंगळी. आणि मधलं बोट अर्धं.

आशुतोषने आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात खिशात घातला, आणि घातल्याबरोबर कळलं की हे करायला नको होतं. साडेनऊ. आयुष्यभर ज्या बोटाची मला लाज वाटली नाही, त्या बोटाची त्या क्षणी वाटली.

“ती तेलाची टेस्ट हाय,” रंजिता म्हणाली.

इंजिनीअर वळला. “तेलाची?”

“हो ना. तुमच्याकडे ट्रकवाले, क्लीनर, सगळ्यांचे तेलकट हात लागनार पत्र्याला. म्हनून सरांनी शुक्रवारी दोन्ही पॅनलला तेल लावलं. बगा ना, हिकडे.” ती वाकली आणि आर-तीनचा वरचा चिमटा सैल केला. चिमट्याच्या खाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे एक बारीक पिवळी रेघ होती आणि तिला चिकटलेली मोहरीची एक डाळ. “हे सावलीत व्हतं. इथं तेल तसंच हाय. बाकी जिथं ऊन लागलं, तिथं साफ. आनि ह्या दुसऱ्या पॅनलवर ऊन लागूनबी तेल तसंच.”

इंजिनीअरने खिशातून चष्मा काढून ती रेघ पाहिली. मग पहिल्यांदा हसला. “हे बेस्ट आहे,” तो मॅनेजरला म्हणाला. “दिवसभर ग्राफ दाखवतात लोक. हे कुणी नाही दाखवत.” त्याने त्या मोहरीच्या डाळीचा फोटो काढला. पाच मिनिटांत आर-तीन ठरला.

जिना उतरताना आशुतोष माझ्या बरोबरीने आला. “सुधीरसर, मस्त आयडिया. मला सांगायचं तरी आधी! वहीत एंट्री असेलच ना? पेटंटच्या वकिलाला पाठवतो. टेस्ट तुमची, तर दुसरं नाव तुमचं टाकू. पाचला वही माझ्याकडे द्या.” त्याला खरंच तसं वाटलं होतं, का तो मला सांभाळून घेत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी लॅब रिकामी झाल्यावर रंजिताने वही आणून माझ्यासमोर उघडी ठेवली. तिच्या सुबक अक्षरातल्या गुरुवारच्या नोंदीखाली एक ओळ कोरी होती. त्याखाली बुधवारची तिची नोंद.

“शुक्रवारची ओळ सोडली हाय,” ती म्हणाली. “तुमी भरा.”

“तू मला वाचवलंस कशाला?” माझा आवाज चढला. “तुला कुणी सांगितलं होतं?”

“मी कुठं वाचवलं? तेल तुमी लावलं, टेस्ट झाली. यात खोटं काय हाय?”

“मी टेस्ट म्हणून लावलं नव्हतं.”

“ठाऊक हाय मना.” ती माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण काढत होती. “शुक्रवारी तुमी मना लोनचं नाय दिलं.”

ती रागावली असती, रडली असती, आशुतोषकडे गेली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं. मी भांडलो असतो. भांडायला मी कमी नाही.

“मग सांगून टाकायचं होतंस सगळ्यांना,” मी म्हणालो.

तिने वहीच्या मागच्या पानांवर बोट ठेवलं. “सर, ही वही मी आल्या आल्या पयल्यापासून वाचली. तेरा वेळा तुमचं कुठं चुकलं ते तुमी सगळं लिवलंय. कुनी लिवत नाय असं. लोक चुकलेली पानं फाडतात. त्या तेरा वेळा तुमी लिवल्या नसत्या तर माजं तिसऱ्या वेळी आलं नसतं.” मग पेन वहीवर ठेवलं. “तुमचं नाव यायलाच पायजे पेटंटवर. कसंबी येऊ दे.”

आणि ती हात धुवायला बेसिनकडे गेली.

हे ऐकून माझे डोळे भरून आले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही आले. मला आणखी एक कळ आली, आधीच्या सगळ्या कळांपेक्षा मोठी. लेप तिचा चांगला, अक्षर तिचं चांगलं, जमीन तिची, आणि आता चांगुलपणाही तिचाच. मला काय उरलं? तिने वाढलेलं दुसरं नाव. मी तिला लोणचं देत होतो, आता ती मला पेटंट देत होती, तशीच, जेवता जेवता.

पेन उचललं. तारीख लिहिली. वेळ, सायंकाळी साडेपाच. ‘काय केलं’ या रकान्यात लिहिलं, ‘आर-तीनवर लोणच्याचं तेल चोळलं. त्याच हाताने एस-चौदा सरळ केली.’ पुढचा रकाना, कारण. त्यात सहसा ‘वाचन’ असतं, ‘चिमटा बदलला’ असतं. तिथे ‘तेल-चाचणी’ असे दोन शब्द लिहिले असते तर पाच वाजता माझं नाव वकिलाकडे गेलं असतं आणि निवृत्तीपर्यंत मी ते भिंतीवर लावून बसलो असतो. खरं लिहिलं तर नाव जाणार होतं, आणि ही लॅबही जाणार होती.

पण तिने म्हटलं होतं, सगळं लिहिता तुम्ही, कुणी लिहीत नाही असं. माझ्याकडे ती एकच गोष्ट होती जी तिने आपणहून माझी म्हटली होती. त्या एका गोष्टीत तरी मला तिच्या मागे राहायचं नव्हतं.

मी लिहिलं, ‘हेवा.’ आणि सही केली.

रंजिता हात पुसत आली. ओळ वाचली. एकदा वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली. खुर्ची ओढून बसली, वही स्वतःकडे वळवली आणि शेवटच्या ‘तपासलं’ रकान्यात, माझ्या मुंग्यांच्या शेजारी, सावकाश सही केली.

तिची सही फार सुंदर आहे. तेव्हाही मला ती बघवली नाही.